किरकोळ

काकतीच्या पुढं, हायवेला लागून आमचं हॉटेल.
पाटीवर 'फॅमिली', तिन्ही लिप्यांत.
फॅमिल्या नऊला उठून जातात.
मग उरतं ते आमच्या वाट्याचं:
सहा जणी, बावीस टेबलं,
आणि नोट पुढं करताना
मनगट धरून ठेवणारी बोटं.

मुतग्याची सुगंधा नवी. कामाचा चौथा दिवस.
सतरा नंबरला रोटी ठेवून आली
आणि फ्रीजच्या मागं उभी राहून
पदराची पिन काढत राहिली, लावत राहिली.
"कशाला रडूलीस गे?"
"रडत न्हाई. मिरची गेली डोळ्यात."
त्या दिवशी आम्ही मिरच्या चिरल्याच नव्हत्या.

मालक गल्ल्यावर नोटा मोजत म्हणाले,
"किरकोळ आहे गं. रोजचं गिऱ्हाईक आहे ते.
आणि रात्रीचं काम म्हटल्यावर..."
पुढचं बोलले नाहीत.
असली वाक्यं कुणी पुरी करत नाही.
ती आम्हीच घरी नेतो, डब्यात घालून.

एक कागद आहे भिंतीवर. तपासणी आली तेव्हा चिकटवलेला,
भांड्यांच्या मोरीवर, जिथं गिऱ्हाईक फिरकत नाही.
वाफेनं कोपरे सुटलेत.
मला कन्नड बोलता येतं, पोटापुरतं;
अक्षरं मात्र दिसतात
बशीत उरलेल्या कांद्याच्या चकत्यांसारखी.
नागव्वानं, हुक्केरीच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या,
हाताचा साबण लुगड्याला पुसला
आणि एका शब्दावर बोट ठेवलं:
"लैंगिक किरुकुळ."

मी म्हटलं, "बघ, सरकारपण किरकोळच म्हणतंय."

ती माझ्याकडं बघत राहिली.
"अल्ल अक्का. किरुकुळ म्हणजे छळ.
आमच्यात छळाला म्हणतात किरुकुळ."

दोन उकारांचं अंतर.
या मुलखात पाट्यांवरून डोकी फुटली,
कुठली लिपी वर, कुठली खाली.
या दोन शब्दांवरून
एक काचसुद्धा फुटली नाही.

त्या रात्री भाकरी मोडता मोडता ठरलं.
कुणी आत येऊन म्हणाली, "उप्पू बेकु", मीठ पाहिजे,
तर पुढचं ताट बसवराज स्वतः नेणार,
तव्याच्या काजळीचे हात घेऊन,
आणि बिल मिटेपर्यंत तिथंच उभा राहणार. मुका.
जिन्याखाली बल्ब, आमच्या टिपमधून.
कपडे बदलायच्या खोलीला कडी
मालकाकडं तीन आठवडे मागितली,
शेवटी नागव्वाच्या भावानं येऊन ठोकली.
गाडीचं तर दस्तगीरच बोलला, स्टिअरिंगवर हात ठेवून:
"आखिर में अकेली कोई नक्को. दोघी दोघी उतरा.
मी चांगला आहे हे तुम्ही कशाला धरून चालायचं?"

मालकांना मी फक्त शब्द सांगितला.
"किरकोळ नव्हे साहेब, किरुकुळ."
त्यांना दोन्ही भाषा येतात. घरात एक, धंद्यात एक.
ते बराच वेळ रबरबँड शोधत होते.

शनिवारी सुगंधा आत आली.
आवाज एवढासा: "उप्पू बेकु."
बसवराजनं गॅस बारीक केला.
सतरा नंबर म्हणाला, "मी काय केलं?"
बसवराजनं मिठाची वाटी ठेवली टेबलाच्या मधोमध
आणि हात बांधले.

तो आता येत नाही.
दोन किलोमीटर पुढच्या हॉटेलात बसतो म्हणे,
तिथली रोटी चांगली लागते म्हणतो.
मालक एका टेबलाचा हिशेब अजून काढतात,
आणि मला रात्री दीडला, कंग्राळीच्या वळणावर,
सुगंधाचं झोपेतलं डोकं खांद्यावर घेऊन
त्या दुसऱ्या हॉटेलातली रोटी वाढणारी दिसते.
नाव माहीत नाही तिचं.

नागव्वाची नणंद तिथं भांड्यांना आहे.
रविवारी जाऊन येऊ म्हणतोय,
मिठाचं सांगायला.